सुपरहिरोंची मासिक कॉमिक्स : काय घ्यावे, काय सोडावे?

महिन्याला वीस-बावीस पाने आणि अखेरीस ‘क्रमशः’. वर्षानुवर्षे न संपणाऱ्या या गोष्टी मुलांना काय देतात? आणि कुठे फसवतात?

सिनेमा पाहून आलेले मूल स्पायडर-मॅनच्या कॉमिकचा हट्ट धरते. आईबाबा दुकानातून एक गुळगुळीत, पातळसा अंक आणून देतात. दहा-पंधरा मिनिटांत तो वाचून संपतो. शेवटच्या चित्रात नायक कुठल्या तरी संकटात अडकलेला असतो आणि पुढे काय झाले ते कळणार पुढच्या महिन्यात. आईच्या मनात येते, एवढ्या पैशांत गोष्टींचे जाडजूड पुस्तक आले असते. मुलाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो, “पुढचा अंक कधी?”

दोघांचेही चुकत नाही. आजच्या आईबाबांपैकी आणि आजीआजोबांपैकी अनेकांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचली असतील. १९६४ ते १९९० या काळात निघालेली ही कॉमिक्स मराठीतही येत. वेताळाची किंवा जादूगार मँड्रेकची गोष्ट बहुधा एका अंकात पुरी व्हायची. अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या मासिकांचे तसे नाही. तिथली गोष्ट पुरी होण्यासाठी लिहिलेलीच नसते. या मासिकांचे बळ आणि दुबळेपण दोन्ही याच एका गोष्टीतून उगवतात. म्हणूनच ती सरसकट टाकाऊ ठरवणे जितके चूक, तितकेच डोळे मिटून विकत घेणेही चूक.

अंक कसा घडतो?

१९३८ साली सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा अवतरला, तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक ६४ पानांचा होता. किंमत दहा सेंट. त्यात सुपरमॅनखेरीज इतरही गोष्टी होत्या. आज अमेरिकेत वीस-बावीस पानांच्या कथेला चार ते पाच डॉलर मोजावे लागतात.

एवढ्याशा पानांमागे बरेच हात राबत असतात. एक जण कथा लिहितो, दुसरा पेन्सिलीने चित्रे काढतो, तिसरा त्यांवर शाई फिरवतो, चौथा रंग भरतो, पाचवा फुग्यांतली अक्षरे लिहितो. आणि महिना सरला की अंक बाजारात यायलाच हवा. या घाईत कधी चित्रकार मध्येच बदलतो आणि तोच नायक पुढच्या अंकात अनोळखी दिसू लागतो. कधी चार अंकांत मावणारी गोष्ट सहा अंकांपर्यंत ताणली जाते. पण कसलेल्या हातांना हीच शिस्त मानवते. पाने मोजकी असल्याने प्रत्येक चित्राला काही तरी सांगावेच लागते.

वाट पाहण्याची गोडी

याचे उत्तम उदाहरण स्पायडर-मॅनच. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी १९६२ च्या ऑगस्टच्या अंकात त्याला पहिल्यांदा आणले. पीटर पार्कर हा शाळकरी मुलगा. आईवडील नाहीत. बेनकाका आणि मे काकूंनी वाढवलेला. पुढे काका मारले जातात आणि घरात उरतात म्हाताऱ्या काकू नि पैशांची ओढाताण. हा नायक गुंडांना लोळवतो खरा, पण घरभाड्यासाठी वर्तमानपत्राला फोटो विकतो. सुपरहिरोच्या घरात महिनाअखेर येते, हे वाचकांना नवीन होते.

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या ३१ ते ३३ या अंकांतली कथा पाहा. डिसेंबर १९६५ ते फेब्रुवारी १९६६ चे हे अंक. मे काकू अत्यवस्थ असतात आणि त्याला कारण पीटरच. पूर्वी त्याने काकूंना रक्त दिलेले असते आणि त्याच्या रक्तातला किरणोत्सारी दोष त्यांच्या शरीरात गेलेला असतो. औषध मिळते, पण ते हाती येण्याआधीच एक अवाढव्य यंत्र पीटरच्या अंगावर कोसळते. छतातून पाणी गळू लागते. औषधाची कुपी समोर दिसते, पण हात पोचत नाही. इथे ३२ वा अंक संपतो.

वाचकांनी महिनाभर वाट पाहिली. पुढच्या अंकात डिटकोने केवळ ते ओझे उचलण्यासाठी कित्येक पाने खर्ची घातली. समोर शत्रू नाही. एक दमलेला मुलगा आणि त्याच्या पाठीवरचे ओझे, एवढेच. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि अखेर एका पानभर चित्रात तो ते यंत्र भिरकावून देतो. सिनेमात हे मिनिटभरात संपले असते. इथे वाचकाने तो भार स्वतः महिनाभर वाहिलेला असतो. मासिकाचे खरे सामर्थ्य ते हेच.

दुसरे बळ म्हणजे काळाशी जुळलेली नाळ. १९७१ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने स्टॅन ली यांना अमली पदार्थांच्या धोक्याविषयी लिहिण्याची विनंती केली. प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेनुसार मात्र हा विषय वर्ज्य मानला जात असे. तरीही ९६ ते ९८ हे तीन अंक संहितेच्या शिक्क्याविनाच बाजारात आले. गोळ्यांच्या नादी लागलेला मुलगा कोणी परका खलनायक नव्हता. तो पीटरचा खोलीतला सोबती हॅरी होता. महिन्यामागून महिना ओळखीचे झालेले पात्र बिघडते, तेव्हा वाचकाच्या जिवाला घोर लागतो. त्याच वर्षी ती संहिता सैल करण्यात आली.

मेलेले परत येतात

आता दुसरी बाजू. गोष्ट संपवायची नसेल, तर नायकाला फार मोठे होऊ देऊन चालत नाही. पीटर १९६२ साली शाळेत होता, १९६५ साली कॉलेजात गेला. पुढे मात्र त्याचे घड्याळ मंदावले. पदवीपर्यंत पोचायला त्याला १९७८ साल उजाडले! आपल्याकडच्या मालिकांतली लग्नेसुद्धा इतकी लांबत नाहीत.

जून १९७३ च्या १२१ व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली फेकली जाते. पीटर जाळे टाकून तिला धरतो, पण त्या हिसक्यानेच तिचा जीव गेला असावा, असे चित्र सुचवते. नायकाची मदतच घातक ठरावी, हा वाचकांना मोठा धक्का होता. पण १९७५ मध्ये ग्वेनची हुबेहूब प्रतिकृती कथेत आणण्यात आली. १९९५ साली ४०० व्या अंकात मे काकू शांतपणे निवर्तल्या. तो अंक वाचून अनेकांचे डोळे पाणावले. १९९८ मध्ये सांगण्यात आले की, मेली ती काकूंचे सोंग घेतलेली एक नटी होती. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत घालून लाखोंनी विकला गेला. वर्षभराच्या आत स्वारी परत हजर!

मरण खोटे ठरले, की आधीचे अश्रूही खोटे ठरतात. पुढच्या खेपेस वाचक रडत नाही. तो नुसता विचारतो, “हा परत कधी येणार?”

एकच काकू, दोन उत्तरे

या मासिकांचे गुणदोष जोखायला एक सोपी कसोटी आहे. नायक आपल्या कृत्याची किंमत मोजतो की नाही?

१९६६ ची कथा आठवा. काकू पीटरमुळे आजारी पडल्या आणि त्याने ते ओझे स्वतःच्या पाठीवर घेतले. आता २००७ ची ‘वन मोअर डे’ ही कथा पाहा. पीटरने आदल्या वर्षीच्या एका कथेत आपला मुखवटा जगासमोर उतरवला. त्यामुळे शत्रूंना त्याचे घर सापडले आणि काकूंना गोळी लागली. याही वेळी दोष त्याचाच. पण याही वेळी तो ओझे उचलतो का? नाही. सैतानासारखा एक मेफिस्टो येतो आणि सौदा होतो. काकू वाचतील, पण पीटर आणि मेरी जेन यांचे लग्न जणू कधी झालेच नव्हते असे होईल. १९८७ साली थाटात लागलेले लग्न असे पुसले गेले आणि त्याची आठवणही कोणाला उरली नाही. जगाला कळलेले त्याचे गुपितही जग विसरून गेले.

कारण कथेत नव्हते, कचेरीत होते. विवाहित पीटर कथेला अडचणीचा ठरतो, असे मार्व्हलचे तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा उघडपणे म्हणत असत. वीस वर्षे त्या संसारात रमलेल्या वाचकांची नाराजी ओढवली ती यामुळेच. काकू त्याच, पेचही तोच. पहिल्या कथेत मुलगा मोठा झाला, दुसरीत त्याला पुन्हा लहान करण्यात आले.

नायक की मालमत्ता?

असे का होते? कारण सुपरहिरो हा लेखकाचा नसतो, कंपनीच्या मालकीचा असतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले. त्यांना वार्षिक मानधन आणि श्रेय मिळायला १९७५ चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्याच्या नावावर खेळणी, सिनेमे नि दप्तरे खपतात, त्याला म्हातारे होऊ देणे कंपनीला परवडत नाही.

या हिशेबाचे टोक १९९० नंतरच्या दशकात दिसले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ मासिकाचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या. पुढे किंमत वाढेल या आशेने लोक एकेका अंकाच्या अनेक प्रती घेत होते. पण घरोघरी असलेल्या वस्तूला दुर्मीळ कोण म्हणणार? फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. एका कथेचे धागे दहा मासिकांत विखुरण्याची युक्तीही याच हिशेबातली. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’ची मुख्य कथा सात अंकांची, पण सगळे समजून घ्यायचे तर इतर डझनावारी अंक चाळावे लागत.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नायकाला दुःख व्हावे म्हणून स्त्रीपात्राचा बळी देण्याची ग्वेनपासूनची खोड पुढे फारच फोफावली. अशा पात्रांची यादीच लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये मांडली. पुढे त्यांनी स्वतः ‘वंडर वुमन’ लिहिले.

नव्या घरातली नायिका

तरीही अधूनमधून या चाकोरीतून काही वेगळे निघते. २०१४ साली सुरू झालेल्या ‘मिस मार्व्हल’ मासिकाची नायिका कमला खान ही जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली सोळा वर्षांची मुलगी. लेखिका जी. विलो विल्सन. कमलाच्या अंगात अद्भुत शक्ती येते, पण रात्री उशिरा घरी आल्यावर आईवडिलांना काय सांगायचे, हा प्रश्न तिला खलनायकाहून अवघड वाटतो. त्यातले आईबाप चेष्टेचा विषय नाहीत. त्यांचा धाक आणि माया दोन्ही खरी वाटतात. पहिल्या पाच अंकांच्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

याउलट २००४ सालचा भारतीय स्पायडर-मॅन आठवून पाहा. मुंबईतला पवित्र प्रभाकर, त्याचे भीमकाका आणि मायाकाकू, अंगात धोतर. जीवन कांग यांची चित्रे देखणी होती. पण चार अंकांची ती गोष्ट मूळ कथेच्याच पावलावर पाऊल टाकत गेली. नावे बदलली म्हणजे घर बदलत नाही. कमलाची गोष्ट तिच्या घरातून निघते, म्हणून ती आपली वाटते.

मग घरी काय करावे?

सुटे अंक जमवण्यापेक्षा पाच-सहा अंकांचा एकत्र संग्रह घ्यावा. पैसे वाचतात आणि निदान एक प्रकरण पुरे होते. एकाच लेखक-चित्रकाराच्या जोडीने सलग केलेले काम शोधावे. ली आणि डिटको यांचे स्पायडर-मॅनचे पहिले ३८ अंक आजही वाचनीय आहेत. मुखपृष्ठावर उडणारा नायक दिसला म्हणून पुस्तक बालवाचकांचेच असेल, असे समजू नये. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत पुरे झालेले ‘वॉचमेन’ श्रेष्ठ खरे, पण ते मोठ्यांसाठी आहे. जुन्या संहितेचा शिक्का २०११ मध्ये नाहीसा झाला. आता प्रकाशक आपापली वयोगटाची सूचना छापतात. ती पाहावी आणि चार पाने आधी स्वतः चाळावीत. ‘पुढे भाव येईल’ म्हणून तर कधीच घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाशेजारी बसून वाचावे. अंक मिटल्यावर “कोण जिंकले?” हे विचारू नये. ते कोणालाही ठाऊक असते. विचारावे ते हे, “त्याचे चुकले कुठे? आणि ते त्याने निस्तरले कसे?” मुलाला सांगण्यासारखे काही सापडले, तर अंकाचे पैसे वसूल झाले. आणि मग “पुढचा अंक कधी?” असे त्याने विचारलेच, तर आईनेही महिनाभर त्याच्यासोबत वाट पाहायला हरकत नाही.