महाकाय विमाने आणि सौद्यातला आपला वाटा

७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीचे विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रायपूरच्या माना विमानतळावर उतरले. १७३ प्रवासी सुखरूप होते, त्यांना दुसऱ्या विमानाने पुढे नेण्यात आले. विमान मात्र इथेच राहिले. पुढे कंपनी बंद पडली, पार्किंगचे भाडे थकत गेले आणि मुंबई-दिल्लीला जाणारे रायपूरकर ते विमान कित्येक वर्षे बघत राहिले. ते एमडी-८३ जातीचे होते, अमेरिकेच्या मॅकडोनेल डग्लस कंपनीने बांधलेले. ती कंपनीही आज नाही. १९९७ साली बोइंगने तिला पोटात घेतले आणि मोठी प्रवासी विमाने बांधणाऱ्यांच्या जगात दोनच बलाढ्य घराणी उरली, अमेरिकेची बोइंग आणि युरोपची एअरबस.

हे विलीनीकरण अमेरिकेतल्या दोन कंपन्यांचे होते. तरी युरोपीय आयोगाने ते अडवायची तयारी केली. तीन मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी वीस वर्षे फक्त बोइंगचीच विमाने घ्यायची, असे करार बोइंगने केले होते. ते अमलात आणणार नाही असे बोइंगने कबूल केल्यावरच जुलै १९९७ मध्ये ब्रुसेल्सने संमती दिली. विमान कोणी बांधायचे आणि कोणाला विकायचे, हे केवळ कारखान्यात ठरत नाही, हे तेव्हा जगाला दिसले.

दोन राक्षस, दोन पैजा

बोइंग ७४७ पहिल्यांदा उडाले ९ फेब्रुवारी १९६९ रोजी. जानेवारी १९७० पासून पॅन अॅमने ते न्यूयॉर्क-लंडन मार्गावर चालवले. १९७१ साली एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेले ते जंबो त्या पिढीच्या आठवणीत पक्के बसले आहे. जानेवारी २०२३ मध्ये शेवटचे ७४७ ग्राहकाकडे सोपवले गेले, तोवर १,५७४ विमाने बांधून झाली होती.

एअरबसचे ए-३८० एप्रिल २००५ मध्ये उडाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने त्याची सेवा सुरू केली. दोन्ही मजले टोकापासून टोकापर्यंत प्रवाशांचे, पंखांचा विस्तार ७९.८ मीटर, उड्डाणाचे कमाल वजन ५७५ टन, आणि परवाना ८५३ प्रवाशांपर्यंतचा. ७४७ च्या शेवटच्या अवताराची, ७४७-८ ची, लांबी ७६.३ मीटर म्हणजे ए-३८० हून जास्त. वजन मात्र सुमारे ४४८ टन.

दोघांनी भविष्यावर वेगवेगळ्या पैजा लावल्या. एअरबसचा हिशेब असा होता, की लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळांवर नव्या उड्डाणांना जागा उरणार नाही, म्हणून एका फेरीत जास्तीत जास्त माणसे न्यावी लागतील. बोइंगने ७८७ वर भर दिला. दोन इंजिने, अर्ध्याच्या आसपास वजन कार्बन फायबरचे, आणि मध्यम आकाराच्या शहरांना थेट जोडण्याची क्षमता. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांबचे मार्ग मोकळे होत गेले होते. दोन इंजिनांत तेच अंतर कापता येत असेल, तर चार इंजिनांचे इंधन आणि देखभाल कोण सोसणार? १४ फेब्रुवारी २०१९ रोजी एअरबसने ए-३८० थांबवत असल्याचे जाहीर केले. एकूण २५१ विमाने दिली गेली, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली.

सरकारी पैशाची लढाई

एवढ्या मोठ्या यंत्राला लागणारे भांडवल एकटी कंपनी क्वचितच उभे करते. एअरबसला फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेन या देशांची सरकारे नव्या विमानासाठी कर्ज देत. परतफेड विक्रीतून व्हायची. विमान विकले गेले नाही तर तोटा सरकारच्या माथी. बोइंगला मदत दुसऱ्या वाटांनी मिळे: नासाचे संशोधन, संरक्षण खात्याची कंत्राटे, राज्यांच्या करसवलती. बोइंगचे ७७७ एक्स विमान आपल्याच राज्यात बांधले जावे म्हणून वॉशिंग्टन राज्याने २०१३ मध्ये २०४० पर्यंतच्या सुमारे ८७० कोटी डॉलरच्या सवलती मंजूर केल्या.

१९९२ च्या करारात अमेरिका आणि युरोप या दोन्ही बाजूंनी मर्यादा मान्य केल्या होत्या. विकासखर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंतच थेट सरकारी मदत, असा नियम ठरला. २००४ साली अमेरिका त्या करारातून बाहेर पडली आणि जागतिक व्यापार संघटनेत गेली. युरोपनेही उलट तक्रार केली. पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, अमेरिकेला वर्षाला ७५० कोटी डॉलरच्या युरोपीय मालावर जादा कर लावायची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी युरोपला सुमारे ४०० कोटींची मुभा मिळाली. विमानांच्या भांडणात फ्रेंच वाइन, स्पॅनिश ऑलिव्ह, इटालियन चीज आणि स्कॉच व्हिस्की महागली. ज्यांचा विमानांशी काहीच संबंध नव्हता, त्या शेतकऱ्यांनी त्याची किंमत मोजली. जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी पाच वर्षांचा तह केला.

भारत: ग्राहक आणि दरवान

भारताने दोन्ही घराण्यांना आलटून पालटून काम दिले. इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्ये एअरबस ए-३०० सेवेत आणले, तेव्हा एअरबसला गिऱ्हाईक मिळणेही अवघड होते. १९८० च्या दशकात बोइंग ७५७ चा विचार बाजूला पडून ए-३२० ची निवड झाली, तिच्यावरून राजकारण पेटले आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेले. २००५-०६ मध्ये सरकारी कंपन्यांनी १११ विमानांची मागणी नोंदवली: एअर इंडियाची ६८ बोइंग, इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस. या खरेदीचा जवळपास सगळा भार कर्जावर टाकल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये कडक ताशेरे ओढले.

आपल्याकडे दुसरी एक ताकदही होती, आकाशाचे दार उघडण्याची. परदेशी कंपन्यांनी आठवड्याला किती आसने भारतात आणायची, हे द्विपक्षीय करारांनी ठरते. एअर इंडियाला झळ पोहोचेल या भीतीने ए-३८० ला भारतात मनाई होती. ती जानेवारी २०१४ मध्ये उठली. दिल्ली, मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर ही चार विमानतळे खुली झाली, पण आसनांचा कोटा तोच राहिला. दुबईसाठी तो आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांचा होता. आखातातल्या हबची वाढ कोणाच्या प्रवाशांवर झाली, हे या आकड्यातून समजते. रायपूरहून दुबईला जाणाऱ्या माणसाला आधी दुसऱ्या भारतीय शहरात विमान बदलावे लागते. महाकाय विमानांची व्यवस्था अशाच मोठ्या तळांवर उभी असते आणि आपल्यासारखी शहरे तिला फक्त प्रवासी पुरवतात.

नागपूरने काय कमावले

म्हणून मला २००५ च्या त्या ऑर्डरमधली एक अट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बोइंगने भारतात सुमारे १० कोटी डॉलर घालून देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारायचे, अशी ती अट होती. केंद्र नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात आले, रायपूरपासून रेल्वेने तीनशे किलोमीटरवर. मोठी विमाने मावतील असे दोन हँगर उभे राहिले. पण ऑर्डर २००५ ची आणि केंद्र एअर इंडियाच्या ताब्यात आले २०१५ मध्ये. जवळपास दहा वर्षे गेली. मिहानमध्येच टाटा समूहाच्या कारखान्यात ७८७ च्या फरशीखालच्या कार्बन फायबरच्या तुळया तयार होऊ लागल्या आणि अमेरिकेला जाऊ लागल्या. विदर्भातल्या तरुणांना जगातल्या सर्वांत अवघड उद्योगात हाताला काम मिळाले, ते त्या अटीसारख्या आग्रहामुळे आणि टाटांसारख्यांच्या जिद्दीमुळे.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. देखभालीची कंपनी सरकारकडेच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली: २५० एअरबस, २२० बोइंग. त्यांत ४० ए-३५० आणि दहा ७७७ एक्स. त्या दिवशी मोदी आणि मॅक्राँ पडद्यावर समोरासमोर होते. अमेरिकेत ४४ राज्यांत दहा लाखांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल, असे बायडेन यांनी जाहीर केले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनीही आपल्या कारखान्यांच्या वतीने स्वागत केले. विकणाऱ्या प्रत्येक देशाने आपले रोजगार मोजले. आपले रोजगार किती, हा प्रश्न आपल्याकडे तितक्या मोठ्याने विचारला गेला नाही.

आता विचारण्याची वेळ आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेले ७८७ हेही २००५ च्या त्याच ऑर्डरमधले. त्या दिवशी २६० जीव गेले. या दुःखाची आठवण ठेवून सांगावेसे वाटते, की विमानांचे अंतरंग जाणणारी माणसे आपल्या देशात, आपल्या गावात तयार होणे ही गरज आहे, चैन नव्हे. खरेदीदाराचे वजन आज पूर्वी कधी नव्हते एवढे आहे. इंडिगोने २०२३ मध्ये एका झटक्यात ५०० एअरबस मागवली. चीनने २०२५ मध्ये करयुद्धात बोइंगची विमाने घेणे थांबवले, तेव्हा ती दुसरीकडे वळवायला बोइंगला गिऱ्हाईक हवे होते.

सौदा कसा करायचा, याचा धडा छत्तीसगडला बाहेरून शिकायला नको. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा आपण पोलाद विकत घेतले नाही, पोलाद बनवण्याची विद्या घेतली. भारतीय अभियंते तिकडे शिकून आले आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. विमानांच्या प्रत्येक मोठ्या ऑर्डरमध्ये असेच कलम हवे: कोणते काम, कोणत्या गावात, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उशीर झाला तर दंड किती. ते कलम खरेदीआधी जाहीर व्हावे. नागपूरच्या हँगरांना लागणारे तंत्रज्ञ रायपूर-भिलाईच्या आयटीआयमधून आणि एनआयटीमधून घडवता येतील, त्यासाठी छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी एकत्र अभ्यासक्रम आखावा. आणि पुढच्या हवाई करारांत आसनांचा कोटा वाढवताना त्यातला काही हिस्सा रायपूर, नागपूरसारख्या शहरांसाठी राखून ठेवावा. दोन इंजिनांची, लांब पल्ल्याची छोटी विमाने आता आली आहेत, त्यामुळे ही मागणी व्यवहार्य आहे. ती आपल्या खासदारांकडे, दोन्ही राज्यांच्या सरकारांकडे लेखी करणे, हे इथल्या मराठी संस्थांनी या वर्षी हाती घेण्याजोगे काम आहे.