एकच आकडा, तीन जागी

२०१६ साली पुण्यातल्या एका रक्तपेढीसाठी आम्ही संकेतस्थळ तयार केलं होतं. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे घरबसल्या दिसावं आणि हवी ती राखून ठेवता यावी, एवढंच त्याचं काम. एके दिवशी सासवडहून एक गृहस्थ बहिणीसाठी बी निगेटिव्ह रक्त न्यायला आले. पानाच्या वरच्या पट्टीत ‘१ शिल्लक’ दिसलं म्हणून ते निघाले होते. त्याच पानावर खालच्या तक्त्यात मात्र शून्य होतं. तिथवर त्यांची नजर गेली नव्हती. पिशवी सकाळीच दिली गेली होती. दुसऱ्या पेढीतून रक्त मिळालं, पण दोन तास गेले. तो प्रोग्रॅम मी लिहिलेला होता.

आता एकाच पानावर दोन आकडे कसे? मंडळी, पूर्वी संकेतस्थळाचं पान छापील कागदासारखं असे. बटण दाबलं की सर्व्हर अख्खं नवं पान पाठवी. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केलेली भाषा, पानाचा हवा तेवढाच तुकडा जागच्या जागी बदलू शकते. पण मग पानाला बरंच काही लक्षात ठेवावं लागतं. या लक्षात ठेवलेल्या माहितीला आम्ही ‘स्टेट’ म्हणतो. मी शिलकीचा आकडा तीन जागी ठेवला होता: पट्टीत, तक्त्यात आणि नोंदणीच्या अर्जात. एक बदलला की उरलेले दोन बदलायची आठवण माझी मीच ठेवायची. एक विसरलो.

हे दुखणं मोठ्यांनाही चुकलेलं नाही. फेसबुकवर एके काळी न वाचलेल्या निरोपाचा आकडा दिसे, उघडून पाहावं तर नवं काहीच नाही. दुरुस्ती होई, काही दिवसांनी भूत परत हजर! एका बदलातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे बदल उलटसुलट धावत असत आणि माग लागत नसे. २०१४ साली त्यांच्या अभियंत्यांनी ‘फ्लक्स’ नावाची पद्धत मांडली. तिचं सूत्र असं, की माहिती एकाच दिशेनं वाहील. पुढच्या वर्षी डॅन अब्रामोव्ह यांनी त्यावरून ‘रिडक्स’ बेतलं.

रिडक्स समजायला आपल्या दुकानातली रोजकीर्द आठवा. शिलकीचा आकडा कुणी खोडून बदलत नाही. ‘एक पिशवी दिली’ अशी नोंद होते आणि जुनी शिल्लक व नवी नोंद यांवरून नवी शिल्लक निघते. हा हिशेब करणाऱ्याला रिडक्समध्ये ‘रिड्यूसर’ म्हणतात. शिल्लक एकाच जागी राहते. पट्टी, तक्ता, अर्ज सगळे तिथूनच वाचतात, परस्पर लिहीत नाहीत. काही चुकलं तर नोंदी क्रमानं पाहत मागे जाता येतं. मी पान असं पुन्हा लिहिलं आणि तीन आकड्यांचं भांडण मिटलं.

खरं सांगायचं तर, नंतर मला याचं वेडच लागलं. खिडकी उघडी की बंद, हेही मी कीर्दीत लिहू लागलो. दुकानातला पंखा चालू केल्याची नोंद कुणी करतं का? ‘तुम्हाला रिडक्सची गरज नसेलही’ असा लेख अब्रामोव्ह यांनीच २०१६ मध्ये लिहिला होता. तो मी जरा उशिरा वाचला.

आणि एक गोष्ट रिडक्सच्या हातात नव्हतीच. ब्राउझरमधली शिल्लक कितीही नीट ठेवली तरी ती नक्कलच. खरी शिल्लक पेढीच्या सर्व्हरवर. सासवडला पान उघडं असताना हडपसरचा माणूस शेवटची पिशवी राखून ठेवू शकतो. म्हणून ‘राखून ठेवा’ दाबल्यावर सर्व्हर तिथल्या तिथे शिल्लक तपासतो आणि त्याचा होकार आल्यावरच पान ‘पिशवी राखली’ असं म्हणतं. आकड्याशेजारी आता वेळही दिसते: ‘सकाळी १०.४२ ची माहिती’. त्याखाली पेढीचा फोन नंबर आहे.