घरासमोरची तीन मीटर जागा

भाजी आणायची, मुलांना शिकवणीला सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं. घरातून दिवसातून चारदा पायी बाहेर कोण पडतं? आपणच ना! मग मैत्रिणींनो, पायी चालणाऱ्यांसाठी केलेले नियमही आपल्याला ठाऊक हवेत.

‘एफएसआय’ म्हटलं की आपण तो विषय पुरुषमंडळींवर सोपवून मोकळ्या होतो. खरं तर हिशेब अगदी सोपा आहे. 1,000 चौरस फुटांच्या प्लॉटला 4 एफएसआय मिळाला, म्हणजे सगळे मजले मिळून 4,000 चौरस फूट बांधता येतं. सरकारी कागदात यालाच चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात.

नागपूरची मेट्रो मार्च 2019 मध्ये खापरी ते बर्डी धावू लागली आणि डिसेंबर 2022 मध्ये तिचे चारही फाटे सुरू झाले. त्याआधी, 2017 साली, राज्य सरकारने मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटर पट्ट्यासाठी वेगळे नियम केले. रस्ता पुरेसा रुंद आणि प्लॉट मोठा असेल, तर प्रीमियम भरून 4 पर्यंत एफएसआय. हेतू असा, की स्टेशनजवळ जास्त कुटुंबांनी राहावं आणि सहा-सात मिनिटं चालून गाडी गाठावी. खाली दुकान, वर घर ही आपल्या महाल-इतवारीची जुनी रीत; तीच इथे नव्याने यावी.

पण बाई, फुकट काही मिळत नाही! या जादा मजल्यांच्या बदल्यात एक अट आहे. इमारतीसमोर सोडायच्या मोकळ्या जागेपैकी निम्मी, निदान 3 मीटर रुंद, पायी चालणाऱ्यांना खुली ठेवायची. अगदी रस्त्याच्या कडेला कुंपण नको. ते घालायचंच तर ही पट्टी सोडून आत.

तीन मीटर म्हणजे दोघी बायका पिशव्या घेऊन शेजारून जातील आणि समोरून बाबागाडीही येईल, एवढी ऐसपैस वाट. ही पट्टी स्कूटरी, जाहिरातीचे फलक नि दुकानाच्या पायऱ्यांनी गिळली, तर मजले बिल्डरला मिळाले आणि आपल्याला मिळाली ट्रकशेजारची धूळ!

म्हणून शंकरनगर असो की अजनी, तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा निघाली, की चहाच्या ट्रेमागे राहू नका. नकाशा मागून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. पायवाटेची पट्टी नकाशावर कुठे दाखवली आहे? तिच्यावर गाड्या उभ्या राहणार नाहीत, हे कोण बघणार? आणि सावलीसाठी कडुनिंब कुठे लावणार? मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की झाडाशिवायची पायवाट म्हणजे तापलेला तवाच!

उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी कबुलीवर तर आपण किराणाही घेत नाही!