पाण्याच्या दारावरचा घाला

उचकी लागली की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढतंय. पण ती दिवसच्या दिवस थांबेना, जोडीला उलट्या, आणि पोटाच्या सगळ्या तपासण्यांत काहीच सापडेना, तर? मूळ मेंदूच्या देठातल्या एका चिमुकल्या जागेत असू शकतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा दुर्मीळ आजार कधीकधी असा उचकीच्या पावलांनी येतो.

१८९४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात यूजीन डेव्हिक यांनी त्याचं वर्णन केलं: डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू, दोन्हींना सूज. पुढे कित्येक दशकं त्याला मज्जातंतूंवरचं आवरण खाणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचंच भावंड समजलं गेलं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हॅन्डा लेनन आणि सहकाऱ्यांना या रुग्णांच्या रक्तात एक वेगळंच प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडलं. वर्षभरात त्याचं लक्ष्यही कळलं: अ‍ॅक्वापोरिन-४, म्हणजे पेशीच्या पटलातलं पाण्याचं दार. ही दारं मेंदूतल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशींवर, रक्तवाहिन्यांना टेकलेल्या टोकांपाशी दाटीनं असतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती नेमक्या या दारांनाच शत्रू समजून तुटून पडते.

आता खरं नवल. प्रतिपिंड तेच, दार तेच, तरी घाव कुठे खोल बसेल हे बरंचसं रुग्णाच्या वयावर ठरतं! ब्रिटन आणि जपानमधल्या १०६ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार तरुणपणी सुरू झालेल्यांना दृष्टी जाण्याचा धोका जास्त. उतारवयात सुरू झालेल्यांना पायांतलं बळ गमावण्याचा. विशीतली मुलगी एका डोळ्यानं दिसेनासं झालं म्हणून येते, तर साठीतल्या आजींच्या हाती काठी येते. वय वाढतं तशी मज्जातंतूंवरचं आवरण पुन्हा विणण्याची ताकद मंदावते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हातारपणी मज्जारज्जूवर झालेला घाव भरून येणं किती जड जात असेल, याचा त्यावरून अंदाज येतो.

या आजाराच्या शेजारच्या एका आजारात वयाचा हा खेळ आणखी ठळक दिसतो. तिथे प्रतिपिंड मॉग नावाच्या प्रथिनावर धावून जातं. लहान मुलांत बहुधा मेंदूच सुजतो; मूल पेंगतं, बरळतं, त्याला आकडी येते. मोठ्यांत तेच प्रतिपिंड बहुतेकदा डोळ्याची नस धरतं. एकाच शत्रूनं मुलासाठी एक वाट निवडावी आणि आईसाठी दुसरी, हे वाचून मी थक्क झाले.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आजाराच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळातही अपंगत्व हळूहळू वाढू शकतं. न्यूरोमायलायटिसमध्ये मात्र जे जातं ते जवळजवळ सगळं झटक्यातच जातं. म्हणून पुढचा झटका अडवणं हाच उपचारांचा गाभा, वय विशीचं असो की साठीचं. एक्युलिझुमॅब या औषधाच्या चाचणीत ते घेणाऱ्या ९६ जणांपैकी फक्त तिघांना झटका आला. औषध न मिळालेल्या ४७ जणांत वीस जणांना. औषध भलतं महाग आहे, हे खरं. पण निदानच चुकलं तर योग्य औषध मिळणंच कठीण, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं इथे उलट आजार वाढवू शकतात.

तेव्हा डोळा दुखून नजर अंधुक झाली, पाय अचानक बधिर पडले किंवा उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबली नाही, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा आणि अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडाची रक्ततपासणी करायला हवी का, हे विचारा.