सुवर्णपदकाच्या अलीकडे आणि पलीकडे : अभिनव बिंद्रा यांचा यशापयशाचा विचार

बीजिंग ऑलिंपिकमध्ये ११ ऑगस्ट २००८ रोजी १० मीटर एअर रायफल स्पर्धेचे सुवर्णपदक पटकावून नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी इतिहास घडवला. वैयक्तिक क्रीडाप्रकारात ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याआधीची भारताची आठही सुवर्णपदके हॉकीतील होती. तथापि, आपल्या कारकिर्दीविषयी बोलताना बिंद्रा विजयाइतकेच महत्त्व पराभवाला देतात.

नेमबाजीत प्रतिस्पर्ध्याला अडवता येत नाही, की त्याच्या चुकीचा थेट लाभ उठवता येत नाही. १० मीटर अंतरावरील लक्ष्याचा मध्यबिंदू जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास किंवा मन किंचित विचलित झाले, तरी गुण निसटतात. त्यामुळे येथील खरी स्पर्धा स्वतःशीच असते.

याचा कटू अनुभव बिंद्रा यांना २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आला. पात्रता फेरीत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून ते तिसऱ्या स्थानी होते. अंतिम फेरीत मात्र त्यांची सातव्या स्थानावर घसरण झाली. ते उभे होते त्या जागेची फरशी हलत होती, हे त्यांना नंतर समजले. पण दोष फरशीवर टाकून ते थांबले नाहीत. आपले सारे लक्ष पदकावर खिळले होते. ते प्रत्येक नेमाच्या कृतीवर असायला हवे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पुढची चार वर्षे या निष्कर्षाच्या कसोटीची होती. पाठीच्या दुखापतीवर मात करत त्यांनी २००६ मध्ये झाग्रेब येथे जागतिक विजेतेपद मिळवले. बीजिंगच्या भव्य सभागृहाची सवय व्हावी, यासाठी त्यांनी चंडीगडमध्ये लग्नाचे सभागृह भाड्याने घेऊन तेथे सराव केला. भीतीवर ताबा मिळवण्यासाठी जर्मनीत सुमारे ४० फूट उंच खांबावर ते चढले.

बीजिंगमध्ये या तयारीचे फळ मिळाले. तेव्हाच्या नियमांनुसार पात्रता फेरीचे गुण अंतिम फेरीत जोडले जात. पात्रता फेरीत बिंद्रा ५९६ गुणांसह चौथे होते. अखेरच्या नेमापूर्वी ते आणि फिनलंडचे हेन्री हाक्किनेन प्रत्येकी ६८९.७ गुणांवर बरोबरीत होते. कमाल १०.९ गुण शक्य असताना बिंद्रा यांनी १०.८ गुण मिळवले. हाक्किनेन यांना ९.७ गुणच मिळाले. एकूण ७००.५ गुणांसह सुवर्णपदक निश्चित झाले. चीनचे चू चिनान यांना रौप्य, तर हाक्किनेन यांना कांस्यपदक मिळाले.

आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे मानसिक संकट अपयशामुळे नव्हे, तर या यशानंतर ओढवले, असे बिंद्रा यांनी पुढे अनेकदा सांगितले. लहानपणापासूनचे एकमेव ध्येय पूर्ण झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. नैराश्य आणि रितेपणा यांतून बाहेर येण्यास त्यांना बराच काळ लागला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरीही गाठू शकले नाहीत.

रिओ येथील २०१६ चे ऑलिंपिक त्यांचे पाचवे आणि अखेरचे ठरले. स्पर्धेच्या दिवशीच त्यांच्या रायफलची साईट मोडली. तरीही त्यांनी अंतिम फेरी गाठली. तेथे युक्रेनच्या सेर्ही कुलिश यांच्याशी बरोबरी झाली आणि निर्णायक नेमात १० विरुद्ध १०.५ अशा फरकाने बिंद्रा मागे पडले. अर्ध्या गुणाने पदक हुकले आणि त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी त्यांनी स्पर्धात्मक नेमबाजीतून निवृत्ती घेतली.

निवृत्तीनंतर खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न त्यांनी सातत्याने मांडला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना 'ऑलिंपिक ऑर्डर' हा सन्मान प्रदान केला.

अथेन्सचे सातवे स्थान, बीजिंगचे सुवर्ण आणि रिओचे चौथे स्थान, या तिन्ही निकालांमागे एकाच माणसाचे सारखेच कष्ट होते. गुणफलकावर त्यांतील अंतर थोड्या गुणांचे, लोकांच्या लेखी मात्र यश आणि अपयश यांच्याएवढे. निकाल खेळाडूच्या हाती नसतो, पुढचा नेम मात्र असतो. बिंद्रा यांच्या दृष्टीने थोरवी मोजायची, तर ती या दुसऱ्या गोष्टीने.