चांगले गुण मिळाल्यावर पुन्हा परीक्षा?

परीक्षेत नापास झालेल्या मुलाला काय सांगावे, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. पुन्हा बस, म्हणजे झाले! परंतु ज्याला चांगले गुण मिळाले आहेत त्याने पुन्हा बसावे की नाही, या प्रश्नाची आपल्या पिढीला सवय नाही. आपल्या वेळी मार्चमध्ये पेपर, जूनमध्ये निकाल आणि पुढे नशीब, असा सरळ मामला होता. २०१९ पासून मात्र अभियांत्रिकीच्या जेईई मेन या परीक्षेची वर्षाला एकाहून अधिक सत्रे होऊ लागली. २०२१ साली तर ती चार झाली. आता एक सत्र जानेवारीत आणि दुसरे एप्रिलमध्ये असते. त्यामुळे फेब्रुवारीत ज्या घरी पेढे वाटले जातात, त्याच घरी चार दिवसांनी चर्चा सुरू होते, की एप्रिलला पुन्हा बसायचे का?

माझ्या शेजारचे एक गृहस्थ असेच एका संध्याकाळी मुलीला घेऊन आले. मुलीला ९८.६ पर्सेंटाइल मिळाले होते. वडिलांचे म्हणणे, "नव्याण्णवच्या वर जायला कितीसे हवे? आता सोडून दिले तर जन्मभर रुखरुख राहील." मुलगी काही बोलली नाही. वडील पाणी प्यायला आत गेले तेव्हा हळूच म्हणाली, "काका, मला झोप हवी आहे."

या प्रश्नाचा विचार करताना पहिली अडचण पर्सेंटाइल या शब्दाचीच येते. तो शेकडेवारीचा भाऊबंद वाटतो, पण तसा नाही. ९८.६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९८.६ गुण नव्हेत. त्या पाळीत बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९८.६ मुलांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर सोपा आला तर सर्वांचेच गुण वाढतात. रांगेतली आपली जागा तेवढ्याने पुढे सरकत नाही. आता रांग केवढी, ते पाहा. २०२४ साली दोन्ही सत्रे मिळून सुमारे १४ लाख विद्यार्थी बसले होते. १४ लाखांच्या रांगेत ९० वरून ९०.५ वर जाणारा मुलगा १ लाख ४० हजाराव्या जागेवरून १ लाख ३३ हजाराव्या जागी येतो. ९९ वरून ९९.५ वर जाणाराही ७ हजार जागाच ओलांडतो, पण तो चौदा हजारावरून सात हजारावर येतो, म्हणजे त्याच्यापुढची निम्मी रांग नाहीशी होते. वडील म्हणत होते ते 'कितीसे' हे असे मोठे आहे.

दुसरी गोष्ट नशिबाची. ही परीक्षा ३०० गुणांची. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो. परंतु असे दहा प्रश्न ठोकून दिले तर कोणाचे ५ गुण वजा होतात, तर कोणाला १५ फुकट मिळतात, आणि दोघांचा अभ्यास सारखाच असतो! ज्याचा निकाल फार चांगला लागला त्याच्या गुणांत असा थोडाफार फुकटचा वाटा असण्याचा संभव अधिक, आणि तो वाटा दुसऱ्या वेळी पुन्हा मिळेलच असे नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली आईबाप व मुले यांच्या उंचीची मापे घेऊन दाखविले, की फार उंच आईबापांची मुले उंचच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात. ती मधल्या मापाकडे झुकतात. परीक्षेच्या गुणांतही हा झुकाव दिसतो.

येथे कोणी म्हणेल, गुण कमी पडले तरी बिघडले कुठे? दोन्ही सत्रांतला जो चांगला तोच धरतात. हे खरे आहे. गुणांच्या बाजूने एप्रिलच्या परीक्षेत तोटा नाही. तोटा आहे तो दिवसांचा, आणि ते दिवस साधे नव्हेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची बोर्डाची परीक्षा असते. एन.आय.टी.त प्रवेश घ्यायचा तर खुल्या गटाच्या विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या पहिल्या वीस टक्क्यांत तरी नाव हवे. पुढे एप्रिल-मेमध्ये राज्याची सीईटी आणि ज्यांना आय.आय.टी. हवी त्यांची अ‍ॅडव्हान्स्ड.

म्हणून मी त्या गृहस्थांना विचारले, "मुलीला जायचे कोठे आहे?" हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता, असे दिसले. आय.आय.टी.चे ध्येय असेल तर मेनमध्ये पहिल्या अडीच लाखांत असणे पुरते. पुढची रांग अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणांवर लागते आणि मेनचे गुण तेथे मोजलेही जात नाहीत. नागपूरचे व्ही.एन.आय.टी. हवे असेल तर मात्र एप्रिलच्या वाढीला अर्थ आहे, कारण तेथे निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात आणि त्या मेनच्या क्रमांकावरच भरतात. (ज्यांनी बारावी कोटा येथून केली, ते या हिशेबात राजस्थानचे ठरतात, कित्येक पालकांना हे फार उशिरा कळते.) पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय हवे असेल तर बहुतेक जागांना सीईटीच चालते.

मुलीने सांगितले, सीओईपी. मग आम्ही तिची उत्तरपत्रिका पाहिली. ती उमेदवाराला मिळते, पण उघडून पाहणारे थोडे. गेलेल्या गुणांचे तिने तीन ढीग केले: न आलेले, येत असून घाईत चुकलेले, आणि वेळ न पुरलेले. चौथा ढीग तिने आपण होऊन केला, तो न कळता बरोबर आलेल्या उत्तरांचा. सात प्रश्न ठोकून दिले होते, त्यांपैकी चार बरोबर निघाले. म्हणजे १३ गुण, जेथे नेहमीच्या हिशेबाने दोनसुद्धा पडले नसते. न आलेल्यांत पदार्थविज्ञानाचे दोन सबंध धडे होते. बोर्डाचे दिवस वजा जाता ते दोन धडे होतील एवढेच दिवस उरत होते. म्हणजे एप्रिलला बसून बहुधा आहे तेथेच राहायचे. उलट सीईटीची तऱ्हा निराळी. तीन तासांत दीडशे प्रश्न, चुकल्यास वजाबाकी नाही. तेथे खोल विचारापेक्षा हाताचा वेग लागतो, आणि तो वेगळ्या सरावाने येतो.

ढिगांचा हिशेब निराळा आला असता तर माझा सल्लाही निराळा झाला असता. पुष्कळ गुण घाईत किंवा वेळ न पुरल्याने गेले असतील, आणि हव्या असलेल्या शाखेचा मागील वर्षीचा शेवटचा क्रमांक थोडक्यात हुकत असेल, तर एप्रिलला अवश्य बसावे. जागावाटपाचे ते क्रमांक दरवर्षी प्रसिद्ध होतात; घरात वाद घालण्यापेक्षा ते पाहावेत.

चांगला निकाल हाती असून सबंध वर्ष घरी बसून पुन्हा प्रयत्न करणे, ही त्याहून मोठी उडी. मेनला सलग तीन वर्षे बसता येते, अ‍ॅडव्हान्स्डला सलग दोनच, आणि आय.आय.टी.ची जागा एकदा स्वीकारली की अ‍ॅडव्हान्स्डचे दार बंद होते. तो विषय येथे वाढवीत नाही.

त्या मुलीने अर्ज भरून ठेवला होता. वडिलांनी तेवढे मागितले, आणि ते योग्यच होते. एप्रिलमध्ये तिच्या पाळीच्या दिवशी मी सहज डोकावलो, तर ती सीईटीचा सराव पेपर सोडवीत बसली होती. वडील मात्र दुपारचे बारा वाजेपर्यंत घड्याळाकडे पाहत होते.