रिमफायर रायफलीतील अडकाव
अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलीत रिकामी पुंगळी बाहेर न पडणे किंवा पुढचे काडतूस चेंबरमध्ये नीट न बसणे, यास अडकाव अथवा जॅम होणे म्हणतात. १९६४ पासून अमेरिकेत बनणारी रुगर १०/२२ ही या प्रकारातील सर्वपरिचित रायफल. तिचा बोल्ट पुंगळीवर येणाऱ्या वायूच्या दाबानेच मागे रेटला जातो. काडतूस कमी जोमाचे असले किंवा चेंबर मळले, तर पुंगळी अर्ध्यातच अडकते. .२२ लाँग रायफल काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर बहुधा बाहेरून मेणासारखे वंगण असते. त्यात काजळी मिसळून चिकट थर साचतो. म्हणून सुटे भाग बदलण्याची घाई न करता प्रथम रायफल रिकामी करून चेंबर, बोल्टचे तोंड व एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची जागा साफ करावी. तेल जास्त झाल्यास मळ उलट वाढतो. मॅगझिन बदलताच अडकाव थांबला, तर दोष मॅगझिनचाच समजावा.

चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबतात. बार उशिराही उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आल्यास मात्र रायफल रिकामी करून नळी तपासणे अनिवार्य ठरते. आत गोळी रुतलेली असताना दुसरा बार काढल्यास नळी फुटू शकते.